मागून बसलेली गाडी: स्पेसर घालू की स्प्रिंग बदलू?

नमस्कार ताई,

तुमचं पत्र मिळालं. अकरा वर्षांची हॅचबॅक, सव्वा लाख किलोमीटर पळालेली. मागच्या सीटवर आई, बाबा आणि भाऊ बसले, डिक्कीत दोन बॅगा पडल्या की गाडी मागून बसते, स्पीडब्रेकरवर सायलेन्सर घासतो आणि खड्ड्यात मागून धाडकन आवाज येतो. मेकॅनिक म्हणतो, ४० मिलिमीटरचे स्पेसर, म्हणजे स्प्रिंगेला उंचवटा देणारे ठोकळे, घालू, तासाभराचं काम. भाऊ म्हणतो, मोठ्या गाडीच्या जाड स्प्रिंगा टाक आणि एकदाची मोकळी हो. आईच्या कमरेचं ऑपरेशन झालंय, त्यामुळे गाडी कडक झालेली चालणार नाही. आणि तुमचा प्रश्न असा, की या दोघांपैकी कोणाचं ऐकू?

इतक्यात कोणाचंच ऐकू नका. पत्राच्या शेवटी तुम्ही जाता जाता लिहिलंय की गाडी रिकामी असतानाही डावी बाजू जराशी खाली दिसते. ते वाक्य मी दोनदा वाचलं. दोन्ही बाजू सारख्या बसल्या असत्या तर ओझं जास्त होतंय असं म्हणता आलं असतं. रिकामी गाडी एका बाजूला कलते तेव्हा बहुतेक वेळा त्या बाजूची स्प्रिंग थकलेली असते, किंवा तिचा शेवटचा वेढा तुटलेला असतो. तसं असेल तर स्पेसर घालणं म्हणजे तुटक्या स्प्रिंगेखाली ठोकळा ठेवून तिलाच पुन्हा कामाला जुंपणं.

म्हणून आधी माप घ्या. सपाट फरशीवर गाडी उभी करा, चारही चाकांत ठरलेली हवा भरा, डिक्की रिकामी करा. हँडब्रेक सोडा आणि गाडी दोन-तीन फूट पुढेमागे ढकला. ओढलेला हँडब्रेक मागची चाकं धरून ठेवतो आणि गाडी तिच्या खऱ्या उंचीवर बसत नाही. मग टेप लावा, चाकाच्या मध्यबिंदूपासून सरळ वर मडगार्डच्या कमानीच्या कडेपर्यंत. जमिनीपासून मोजू नका, त्यात टायरची झीज आणि हवा मिसळते. चारही चाकांची मापं कागदावर लिहा. पुढची कशाला, असं वाटेल; पण पुढची एखादी स्प्रिंग बसली की तिरक्या कोपऱ्यातल्या मागच्या चाकाची उंचीही हलते. डाव्या-उजव्या मापात १० मिलिमीटरच्या वर फरक निघाला तर तो डोळ्यांचा भास नाही. तुमच्याच मॉडेलची, कमी पळालेली गाडी ओळखीत कोणाकडे असेल तर तिचंही माप घ्या. तेवढ्यावरून तुमची गाडी मुळात किती बसली आहे ते कळेल.

दुसरं काम टॉर्च घेऊन खाली वाकून बघण्याचं. मागच्या टायरच्या आतल्या बाजूला स्प्रिंग दिसेल. तिचं खालचं टोक जिथे बशीत बसतं तिथे चिखल साचतो, ओल राहते, रंग उडतो आणि गंज तार खात जातो. स्प्रिंग तुटते ती बहुधा याच खालच्या वेढ्यात. तुकडा पडून गेलेला असला तरी गाडी चालत राहते, त्यामुळे महिनोन् महिने कोणाला पत्ता लागत नाही. टोक तिरकं, खडबडीत, ताज्या नारिंगी गंजाचं दिसलं तर समजा की तुटलंय. कारखान्यातून आलेलं टोक सरळ कापलेलं असतं. स्प्रिंगेच्या वर-खाली रबराच्या गाद्या असतात, त्याही पापडासारख्या चपट्या होतात, आणि तेवढ्यानेही काही मिलिमीटर जातात. आणखी एक वस्तू बघा, तो बंप स्टॉप. स्प्रिंगेच्या पोटात किंवा शॉकअपच्या दांड्यावर असलेला हा रबरी किंवा फोमचा ठोकळा गाडी पूर्ण दबली की शेवटचा धक्का खातो. तुम्हाला येणारा धाडकन आवाज हा ठोकळा चुरून गेल्याचा असू शकतो. तसं असेल तर आईच्या कमरेला बसणारा निम्मा त्रास त्या एका फुटकळ वस्तूपायी आहे.

शॉकअपचं नाव काढलंच आहे तर एक गैरसमज दूर करतो. ‘गॅसचे शॉकअप टाका, गाडी उचलेल’ असं सर्रास सांगितलं जातं. गाडीचं वजन स्प्रिंग पेलते, शॉकअप पेलत नाही. शॉकअप फक्त स्प्रिंगेचं डोलणं आवरतो. आतल्या गॅसच्या दाबाने गाडी फार तर काही मिलिमीटर वर येते. सव्वा लाखाला शॉकअप बदलायला आले असतील, तेल गळत असेल, तर जरूर बदला. त्याने गाडी उंच होईल ही आशा मात्र धरू नका.

आता मेकॅनिकचा स्पेसर आणि भावाची जाड स्प्रिंग. समजा, तुमच्या गाडीत मागच्या एका चाकावर २५ किलो वाढले की ती बाजू १० मिलिमीटर खाली जाते. तीन माणसं आणि बॅगा मिळून मागच्या चाकांवर २०० किलोंचा भार पडला, म्हणजे प्रत्येक चाकावर १००. गाडी ४० मिलिमीटर बसली.

स्पेसर घातला की गाडी आधी वर जाते आणि माणसं बसली की पूर्वीइतकीच, ४० मिलिमीटरच, खाली येते. कारण स्पेसरने स्प्रिंगेचा कडकपणा बदलत नाही, फक्त तिची बैठक सरकते. हा त्याचा गुणही आहे: गाडीचा मऊपणा जवळपास तसाच राहतो. वजन पेलायची ताकद मात्र तो एका किलोनेही वाढवत नाही.

भावाच्या म्हणण्याप्रमाणे ३० टक्के कडक स्प्रिंग टाकली, रिकाम्या गाडीची उंची तीच ठेवून, तर त्याच वजनाला गाडी ४० ऐवजी ३१ मिलिमीटर बसेल. कमाई झाली ९ मिलिमीटरची. त्याच्या बदल्यात प्रत्येक खड्डा, प्रत्येक सांधा, एकट्या माणसाच्या प्रवासातसुद्धा, तितका कडक लागणार. हा हिशोब मी पहिल्यांदा मांडला तेव्हा मलाही दोनदा तपासावा लागला होता. आणि ३० टक्के म्हणजे फार जाड तार लागते असंही नाही. स्प्रिंगेचा कडकपणा तारेच्या व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो. बाकी सगळं तेच ठेवून १२ मिलिमीटरच्या तारेऐवजी १३ ची घेतली की स्प्रिंग सुमारे ३८ टक्के कडक झाली. डोळ्यांना हा फरक दिसतसुद्धा नाही, कमरेला लगेच कळतो. शिवाय जुने शॉकअप मूळच्या स्प्रिंगेला आवरण्यासाठी बनवलेले. ते या नव्या ताकदीपुढे कमी पडतात आणि गाडी चेंडूसारखी उसळत राहते. मोठ्या गाडीची स्प्रिंग तुमच्या बशीत नीट बसेल का, तिचे वेढे पूर्ण दाबले गेल्यावर एकमेकांना टेकतील का, हे प्रश्न वेगळेच. भावाला सांगा, त्याचा हेतू चांगला आहे, पण ही स्प्रिंग आईसाठी नाही.

मग मेकॅनिकचे ४० मिलिमीटर तरी? त्यातही एक मेख आहे. तुमच्या प्रकारच्या गाडीत मागची दोन्ही चाकं एका बीमला जोडलेली असतात आणि बीम पुढच्या टोकाला असलेल्या दोन रबरी बुशांवर झुलतो. स्प्रिंग बऱ्याचदा चाकाच्या थोडी पुढे, त्या झुल्याच्या जवळ बसवलेली असते. समजा, झुल्यापासून स्प्रिंग ३०० मिलिमीटरवर आणि चाक ४०० वर आहे. मग ४० चा स्पेसर चाकापाशी ५३ मिलिमीटर होतो. मागायला गेलात दीड इंच आणि मिळाले दोन. स्पेसरची जाडी आणि गाडीची वाढलेली उंची या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मेकॅनिकला हे नेमक्या याच शब्दांत विचारा, तो काय उत्तर देतो त्यावरून बरंच कळेल.

इतकी उंची वाढली की शॉकअपला खाली पसरायला जागा उरत नाही. रिकाम्या गाडीत चाकाला आधी खाली जायला समजा ८० मिलिमीटर जागा होती, ती आता २७ वर आली. स्पीडब्रेकर उतरताना चाक खाली पडतं, शॉकअप पूर्ण ताणला जातो आणि आतून ठक्क असा आवाज येतो. हे रोज होत राहिलं तर त्याचे सील आणि वरचं रबर टिकत नाही. ब्रेकचा होज (तेलाची रबरी नळी) आणि एबीएसची, म्हणजे ब्रेक लावताना चाकं अडकू न देणाऱ्या यंत्रणेची, वायरही त्या ताणात येते, विशेषतः जिथे स्पेसर स्प्रिंगेखाली न घालता शॉकअप आणि बॉडीच्या मध्ये घालतात तिथे. त्या पद्धतीत चाक पूर्वीपेक्षा खरोखरच जास्त खाली लोंबतं.

पण मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती हेडलाइटची, कारण हे मी स्वतः भोगलंय. बऱ्याच वर्षांपूर्वी एका गाडीला मागून असंच उंच करून घेतलं. दोन-तीन आठवड्यांनी रात्रीच्या प्रवासात रस्ता काळा वाटायला लागला. बल्ब जुने झाले म्हणून बदलले, काचा घासल्या, चष्म्याचा नंबर तपासून घेतला. मग एका रात्री वळणावर बंद पडलेली बैलगाडी मला दिसली ती शेवटच्या क्षणी, ब्रेक दाबेपर्यंत तिची चाकं समोर आलेली. दुसऱ्या दिवशी भिंतीसमोर गाडी उभी केली तेव्हा उजेडाची रेघ गुडघ्याच्या उंचीवर होती. मागून गाडी उचलली की नाक खाली जातं, आणि नाकाबरोबर दिवे. इतकी साधी गोष्ट, पण गाडी उंच करणाऱ्याने सांगितली नाही आणि माझ्याही डोक्यात आली नाही.

तुमच्या गाडीसाठी हिशोब करू. पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर २५०० मिलिमीटर धरलं आणि मागची उंची ५३ ऐवजी नुसती ४० ने वाढली, तर गाडी १.६ टक्के पुढे कलली. लो बीम साधारणपणे आधीच १ टक्का खाली लावलेला असतो. दिवा जमिनीपासून ६५ सेंटिमीटरवर असेल तर त्याचा उजेड ६५ मीटरवर जमिनीला टेकतो. आता उतार २.६ टक्के झाला, म्हणजे उजेड २५ मीटरवर संपला. ताशी ८० किलोमीटरने गाडी सेकंदाला २२ मीटर जाते. तुमच्याकडे सेकंदभराचा रस्ता उरला. माणसं बसल्यावर मागची बाजू खाली येऊन दिवे थोडे सावरतात, पण एकट्याने केलेला रात्रीचा प्रवास असाच होतो. डॅशबोर्डवरच्या, दिवे वर-खाली करायच्या चकतीने हे दुरुस्त होत नाही, ती शून्यापासून फक्त खालीच नेते. दिव्यामागचे स्क्रू फिरवून नव्याने नेम लावावा लागतो.

त्याच कलण्यामुळे पुढच्या चाकांचा कॅस्टर, म्हणजे चाक ज्या अक्षाभोवती वळतं त्याचा मागे झुकलेला कोन, जवळपास १ अंशाने कमी होतो, स्टिअरिंग वळणानंतर आपणहून सरळ व्हायला आळस करतं आणि मोकळ्या रस्त्यावर गाडी किंचित भिरभिरते. हे छोटं आहे, सवयीने विसरलं जातं. विसरू नये एवढंच.

ब्रेकचं मात्र छोटं नाही. काही गाड्यांत, विशेषतः जुन्या रचनेच्या गाड्या, व्हॅन आणि पिकअपमध्ये, मागच्या अ‍ॅक्सलपासून बॉडीखालच्या एका व्हॉल्व्हकडे एक दांडी किंवा बारीक स्प्रिंग गेलेली असते. मागची बाजू किती दबली आहे यावरून तो व्हॉल्व्ह ओझं ओळखतो आणि मागच्या ब्रेकला किती दाब द्यायचा ते ठरवतो. गाडी उचलली की त्याला वाटतं डिक्की रिकामी आहे. मग पाच माणसं बसलेली असतानाही मागचे ब्रेक कमी लागतात, सगळा भार पुढच्या चाकांवर येतो आणि गाडी थांबायला जास्त अंतर घेते. ज्या गाड्यांत एबीएसबरोबर ईबीडी, म्हणजे पुढच्या-मागच्या ब्रेकचा दाब वाटणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा, आहे त्यांत हे काम चाकांच्या वेगावरून होतं, तिथे ही अडचण येत नाही. तुमच्या गाडीत अशी दांडी आहे का, ते टॉर्च घेऊन वाकाल तेव्हाच बघून घ्या.

तर मी काय करेन ते सांगतो. मागच्या दोन्ही स्प्रिंगा तुमच्या मॉडेलच्या मूळ मापाच्या नव्या घालेन. एकच तुटलेली निघाली तरी दोन्ही, नाहीतर गाडी दुसऱ्या बाजूला कलेल. एकाच मॉडेलच्या पेट्रोल, डिझेल, गॅसवाल्या गाड्यांच्या स्प्रिंगा वेगळ्या असू शकतात आणि त्या वेढ्यांवरच्या रंगाच्या पट्ट्यांवरून ओळखतात. म्हणून दुकानात फक्त गाडीचं नाव सांगू नका, चॅसिस नंबर द्या. त्यांच्याबरोबर रबराच्या गाद्या आणि बंप स्टॉप नवे. शॉकअप तपासून, गळत असतील तर जोडीने. माझा अंदाज असा की इथेच तुमचं काम भागेल. अकरा वर्षांत स्प्रिंगा जितक्या बसल्या तितकी उंची परत मिळेल, आणि ती गाडी बनवणाऱ्याने ठरवलेली असल्यामुळे दिवे, ब्रेक, स्टिअरिंग सगळं तिच्याशी जुळलेलं असेल.

नव्या स्प्रिंगांनंतरही पाच माणसांत सायलेन्सर घासलाच, तर मग स्पेसरचा विचार करा. चाकापाशी १५, फार तर २० मिलिमीटर, त्यापुढे मी जाणार नाही. स्प्रिंगेच्या टोकाला बसायला खाच असलेला, तुमच्याच गाडीच्या बशीच्या आकाराचा, पॉलियुरेथेनचा किंवा कठीण रबराचा घ्या. सपाट चकतीवर स्प्रिंग फिरते आणि घसरते. टायरचे कापलेले तुकडे, लाकूड, नायलॉनच्या कातलेल्या कड्या यांना नाही म्हणा. उघडी धातूची चकती असेल तर तिने स्प्रिंगेचा रंग खरवडून निघतो आणि तिथूनच गंज सुरू होतो. वेढ्यांच्या मध्ये खोचायचे रबरी बफरही मिळतात. ते तर घेऊच नका. जे वेढे ते अडवतात त्यांचं काम उरलेल्यांवर पडतं, स्प्रिंग कडक होते आणि ताण एका जागी गोळा होतो. नेमकी बफरच्या कडेला तुटलेली स्प्रिंग मी हातात धरून पाहिली आहे.

ओझं कधीतरीच असेल, सणावाराला नाहीतर लांबच्या प्रवासाला, तर स्प्रिंगेच्या पोटात बसणारी हवेची पिशवी हाही मार्ग आहे. आई-बाबा असतील तेव्हा हवा भरायची, एकटं असताना कमी करायची. पण तुमच्या गाडीत बंप स्टॉप स्प्रिंगेच्या आत असेल तर ती पिशवी तिथे बसत नाही, आणि त्यासाठी बंप स्टॉप काढायला कोणी सांगितलं तर मान्य करू नका. ओझ्याप्रमाणे मागची उंची सांभाळण्याचा हा खटाटोप जुना आहे. सिट्रोएनने १९५४ मध्ये एका मोटारीच्या फक्त मागच्या चाकांना तेल आणि वायूवर चालणारी, उंची आपोआप सारखी राखणारी रचना दिली आणि पुढच्याच वर्षी डीएस या गाडीत ती चारही चाकांना बसवली.

आणि हो, वर काहीही केलंत तरी गाडीच्या कागदपत्रांत दिलेली एकूण वजनाची मर्यादा तीच राहते. उंच दिसणारी गाडी जास्त ओझं उचलू शकते असं नाही. पूर्ण भरलेल्या गाडीसाठी मागच्या टायरांत हवा जास्त लागते, तो आकडा बहुधा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर लिहिलेला असतो. आधी तोच बघा, कारण कमी हवेनेही गाडी बसल्यासारखी वाटते. स्पेसर घातलात तर विमा कंपनीला कळवा.

काम करताना एका गोष्टीवर स्वतः लक्ष ठेवा. गाडी जॅकवर असताना बीमच्या बुशांचे बोल्ट पक्के आवळले, की चाकं जमिनीवर आल्यावर आतलं रबर पिळलेलं राहतं आणि काही महिन्यांत फाटतं. बोल्ट ढिले ठेवायचे, चाकं जमिनीवर आणून गाडी तिच्या उंचीवर बसवायची, मग आवळायचे. स्पेसर घालताना तर हे हमखास राहून जातं, कारण बीम न सोडताही स्प्रिंग निघते. उंची बदलली की बुशांचे बोल्ट सैल करून नव्या उंचीवर पुन्हा आवळायलाच हवेत. बीम खाली सोडताना तो ब्रेकच्या होजला लोंबकळू देऊ नये. आणि नुसत्या जॅकच्या भरवशावर कोणी गाडीखाली जात असेल तर काम तिथेच थांबवा, खाली स्टँड लावायला सांगा.

झाल्यावर अलाइनमेंट आणि हेडलाइटचा नेम, दोन्ही त्याच दिवशी. नव्या स्प्रिंगा पहिल्या काही शे किलोमीटरमध्ये किंचित बसतात, तेव्हा महिन्याने तोच टेप, तीच फरशी, तीच चार मापं. आईला मागे बसवून एक फेरी मारा आणि कमरेला कसं वाटतं ते त्यांनाच विचारा. त्याआधी, स्प्रिंगा मागवण्यापूर्वी, आजची चार मापं आणि डाव्या स्प्रिंगेच्या खालच्या टोकाचा फोटो मला पाठवा. टोक तुटलेलं असेल तर तोपर्यंत आई-बाबांना घेऊन लांबचा प्रवास करू नका.